वस्तूचा केर केव्हा होतो?

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घराघरांतून रोज सकाळी जो केर बाहेर पडतो, त्यात मूळचे टाकाऊ असे फारच थोडे असते. भाजीची देठे म्हणजे उद्याचे खत होय. वर्तमानपत्राला रद्दीवाला पैसे मोजतो. दुधाची पिशवी धुऊन वाळविली, तर तिलाही गिऱ्हाईक असते. परंतु ही तिन्ही एका बादलीत पडली, की कागद भिजतो, पिशवी बरबटते, देठांत प्लॅस्टिकचे तुकडे मिसळतात आणि तिघांचेही मोल एकदमच नाहीसे होते. वस्तू जुनी झाल्याने तिचा केर होत नाही, सरमिसळीने होतो. एवढे एक तत्त्व मुलांच्या मनावर ठसले, तर या विषयाचे निम्मे शिक्षण झाले, असे समजण्यास हरकत नाही.

महाराष्ट्रातील जुन्या घरांना हे तत्त्व कोणी शिकवावे लागले नव्हते. लुगडे विरले की त्याची गोधडी होई. गोधडी फाटली की पोतेरे होई. धडके कपडे बोहारणीकडे जात व त्यांच्या बदल्यात पातेले घरात येई. बोहारीण ते कपडे निवडून, धुऊन, सांधून जुन्या बाजारात विकी, आणि ज्यांना नवे वस्त्र परवडत नसे त्यांचे अंग त्याने झाकले जाई. शेण, राख व उष्टेखरकटे यांना उकिरडा होता, आणि उकिरड्याचा शेवट शेतात होता. याप्रमाणे प्रत्येक वस्तूला पुढचा हात ठरलेला असे.

इतर देशांतही अशा व्यवस्था आहेत. इंग्लंडमध्ये लोकांनी दिलेल्या वापरलेल्या वस्तू विकून मिळकत परोपकारी कार्याला लावणारी धर्मार्थ दुकाने गावोगाव आढळतात. ऑक्सफॅम या संस्थेची दुकाने त्यांत सुपरिचित आहेत. अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ या नावाने कपडे ठेवण्याच्या जागा निघाल्या. हेतू उत्तम होता. पण जेथे मळके, फाटके व बटणे तुटलेले कपडे आणून टाकले जातात, तेथे भिंतीचा उकिरडा व्हावयास वेळ लागत नाही. दान आणि टाकणे यांत भेद आहे. कपडा धुऊन, टाका घालून, घडी करून दिला, तरच घेणाऱ्याचा मान राहतो. हा संस्कार शाळेतच व्हावयास हवा.

जुनी साखळी मुख्यतः प्लॅस्टिकने तोडली. सर्वच प्लॅस्टिक सारखे नाही, हे मुलांना वस्तू हाती देऊनच समजावावे. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक वितळवून त्याचा धागा काढता येतो. उलट, खाऊच्या चकचकीत पुड्यांत प्लॅस्टिक व ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते वेगळे करणे कठीण, म्हणून भंगारवाला त्या घेत नाही. पुनर्वापरासही मर्यादा आहेत. काच पुनःपुन्हा वितळविता येते. कागदाचा तंतू मात्र प्रत्येक खेपेस आखूड होत जातो. म्हणून वस्तू मुळात कमी घेणे हे पहिले, ती पुष्कळ दिवस वापरणे हे दुसरे, आणि तिचे रूप पालटून घेणे हे तिसरे, असा क्रम सांगावा.

या हयगयीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पुराची कारणे अनेक होती. तथापि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेली गटारे हे त्यांपैकी एक ठळक कारण ठरले. पुढे 2006 मध्ये अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा राज्याने केला, आणि त्याच्या आधारे मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. देशभरात 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत पेले, ताटल्या, चमचे यांबरोबर प्लॅस्टिकचे झेंडे व सजावटीचे थर्मोकोल हेही आहेत. स्वातंत्र्यदिन आणि स्नेहसंमेलन यांची तयारी करणाऱ्या शाळेने हे विशेष ध्यानात ठेवावे.

शिक्षकांना अधिक जवळची अशी एक हकीकत पुण्याची आहे. 1990 च्या सुमारास एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाचे कार्यकर्ते कचरा वेचणाऱ्यांच्या मुलांना शिकवू लागले. मुले आयांबरोबर कचराकुंड्या धुंडाळण्यास जात. त्यामुळे वर्ग कसा भरणार? कार्यकर्ते त्यांच्या फेरीत सामील झाले, तेव्हा उमगले की, घरोघरी सुका कचरा निराळा मिळाला, तर या बायांचे कष्ट व वेळ वाचेल. या कामातून 1993 मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली, आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम पत्करले. एका घरातील दोन बादल्यांचा दुसऱ्या घरातील मुलाच्या शाळेशी असा थेट संबंध आहे. फुटलेली काच उघडी टाकणाऱ्याला, ती कोणाच्या तळहातात रुतणार आहे, हे दिसत नसते. मुलांना ते दाखवून दिले पाहिजे.

शाळेने करावयाचे काम सोपे आहे. वर्गात ओल्या व सुक्या केराच्या निराळ्या टोपल्या ठेवाव्यात. एक आठवडा रोजचा केर तोलून मुलांनी फळ्यावर मांडावा. गणिताचा तास आपोआपच साधेल. डब्यातील उष्टे व वाळका पालापाचोळा आलटून पालटून खड्ड्यात घालावा आणि खत शाळेच्या बागेस द्यावे. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून वेगळा करू नये, कारण तो इवला तुकडा पुन्हा कोणाच्याच हाती लागत नाही. फुटलेली काच जाड कागदात बांधून वेगळी द्यावी. केर पेटवून देण्याची सवय मात्र निक्षून बंद करावी. जळत्या प्लॅस्टिकचा विषारी धूर प्रथम मुलांच्याच छातीत जातो. बाजारहाटास जाताना कापडी पिशवी नेण्याची आठवण घरच्यांना मुलांनी करावी. ती पिशवी जुन्या साडीची, मुलांनीच शिवलेली असल्यास उत्तम.

गाडगेबाबांचे नाव घेऊन गावोगाव स्वच्छतेच्या मोहिमा निघतात. हातातील खराटा सर्वांना आठवतो. पण बाबांची दुसरी खूणही तितकीच बोलकी आहे. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, आणि खाण्यापिण्यास मातीचे गाडगे! त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. इतरांनी ज्याला केर म्हटले असते, ते त्यांना आयुष्यभर पुरले. गाव झाडणे हे अर्धे काम झाले. झाडावयास कमी उरेल असे जगणे, हे उरलेले अर्धे काम आहे, आणि त्याचा पहिला पाठ प्राथमिक शाळेतच गिरवला जावा.