भाजणीची मजुरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'स्त्री आणि अर्थार्जन' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. विषय भारदस्त आहे. पण मी बोलणार आहे ते आपल्या चकलीच्या भाजणीविषयी, आणि त्यात माझीच एक चूक सांगायची आहे.

दिवाळीच्या फराळाचे दर ठरवायला आम्ही तिघी बसलो होतो. हिशेब लिहिणारीला सर्वांत वरचा दर, तळणारीला त्याखालचा, आणि भाजणी भाजणे पुड्या बांधण्याबरोबर 'वरकामा'त. ही यादी माझ्या हातची. भाजणीच्या मावशींनी ती ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाल्या, "ताई, मग यंदा कढईपाशी तुम्हीच बसा."

मी बसले. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले होते, डाळी निवडलेल्या होत्या. प्रत्येक जिन्नस निराळा, मंद आचेवर भाजायचा, एवढे मला ठाऊक होते. पण डाळ थांबवायची कुठे? रंग दिसेपर्यंत वाट पाहावी, तर कढई उतरवल्यावरही ती आतल्या आत भाजतच राहते. मावशी रंगावर विसंबत नाहीत. वास घेतात, उलथन्याखालचा आवाज ऐकतात. माझी उडदाची डाळ अंमळ जास्तच झाली. पाच किलो भाजणी करपट लागली, विकता आली नाही. हिशेबातली चूक खोडता येते. करपलेली डाळ पुन्हा कच्ची होत नाही.

सभेत एका भगिनींनी विचारले, "हे तर घरोघरी सगळ्याच करतो, त्यात कौशल्य कसले?" खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. आईच्या किंवा सासूच्या हाताखाली शिकलेल्या कामाचा दाखला मिळत नाही, म्हणून ते शिकावेच लागले नाही असे आपण धरून चालतो. मावशींना मी विचारले, तर म्हणाल्या, "सासूबाईंनी चार दिवाळ्या कढईला हात लावू दिला नव्हता."

विलायतेतही हेच झाले होते. लंडनजवळ डॅगनम येथे फोर्ड मोटारींच्या कारखान्यात १८७ स्त्रिया आसनांची आवरणे शिवीत. कारखान्याने कामांची प्रतवारी केली, तेव्हा त्यांना कमी कौशल्याच्या 'ब' प्रतीत घातले, आणि पगार त्या प्रतीतल्या पुरुषांच्या ८५ टक्के. वास्तविक कामावर घेताना त्यांची यंत्रावर परीक्षा होत असे! जून १९६८ मध्ये त्यांनी यंत्रे थांबवली. आसनांवाचून मोटारी अडल्या. मंत्री बार्बरा कॅसल मध्ये पडल्या, तीन आठवड्यांनी पगार ९२ टक्क्यांवर गेला, आणि १९७० साली ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला. जयजयकार झाला खरा. पण त्यांची मूळ तक्रार राहूनच गेली. 'आमचे काम कौशल्याचे आहे, हे मान्य करा' असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य व्हायला १९८४ साल उजाडले, तेही दुसऱ्या संपानंतर.

आपल्याकडे १९७६ च्या समान वेतन कायद्याने कामांची तुलना करताना कौशल्य, श्रम आणि जबाबदारी पाहायला सांगितले. आपले मंडळ म्हणजे काही कारखाना नव्हे, तरी हे तीन शब्द घेऊन मी माझी यादी पुन्हा तपासली. पुड्या बांधणे दुपारभरात शिकता येते. हिशेबाला जबाबदारी आहेच, तो दर कमी करा असे मी म्हणत नाही. पण सगळ्या चकल्यांची चव जिच्या एका क्षणाच्या निर्णयावर अवलंबून असते, तिला वरकामात घालणे मला आता लाजिरवाणे वाटते.

भाजणीचा दर हिशेबाच्या बरोबरीने असावा, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. पुडीची किंमत थोडी वाढेल, गिऱ्हाईक कुरकुरेल. त्याची तयारी ठेवू. अनुमोदनाला कोणी तरी हवे आहे. मावशींनाही सभेला बोलावले आहे. येते म्हणाल्या, पण चारनंतर. तोवर तांदूळ वाळत घातलेले असतात.