घाटावरची मगर



मंडळाच्या वाढदिवशी मी रुखवताविषयी बोलावे, असे चिटणीसबाईंचे म्हणणे होते. पण सध्या आपल्या घाटावर बोलणे चालते ते एकाच गोष्टीचे. म्हणून मगरीविषयीच चार शब्द सांगते.

दोन वर्षांमागे माघात थोरल्या जाऊबाई व मी गोधड्या धुवायला नदीवर गेलो होतो. दहा-बारा हातांवर पाण्यात ओंडका दिसला. ओंडका धारेबरोबर वाहून जातो, हा जागचा हलेना. जाऊबाईंनी माझा दंड धरून मला पायरीवर ओढले. त्याच क्षणी पाणी फाटले आणि गोधडी दिसेनाशी झाली. गोधडीच्या जागी मी असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

घरी सगळे म्हणाले, "मारा तिला." मीही तेच म्हणाले. पुढे वनखात्याचे माणूस गावात आले, त्यांनी समजावले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मगरीला मारणे गुन्हा आहे. भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेतच. एक नेली तरी नदी रिकामी होणार नाही. थंडीत त्या अंग शेकायला काठावर येतात. उन्हाळ्याच्या तोंडी मादी काठच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते व त्यांची राखण करते. सुमारे दोन महिन्यांनी पिले आतून आवाज देतात. मग ती माती उकरते आणि पिलांना तोंडात धरून पाण्यात सोडते. ज्या जबड्याने माझी गोधडी नेली, त्याच जबड्यात पिले सुखरूप असतात!

ते ऐकून मला माझी चूक आठवली. रविवारी कोंबडी साफ केली की पिसे-आतडी मी धुण्याच्या दगडापाशीच टाकत असे. मगरीला घाटाची वाट मीच दाखवली म्हणायची. मेलेली जनावरे नदीत लोटणारेही काही कमी नाहीत.

तेव्हा भगिनींनो, नदीत घाण टाकू नये. पहाटे व दिवे लागणीला पाण्यात उतरू नये. एकटीने जाऊ नये. एकीने धुवावे, एकीने पाण्यावर नजर ठेवावी. पोरांना काठावर सोडू नये. मगर काठावर दिसली तर दगड न मारता मागे सरावे. २०१९ च्या पुरात मगरी वस्तीपर्यंत आल्या होत्या, म्हणून पुरानंतर ओढ्या-खड्ड्यांतही जपावे.

कोणी म्हणेल, नदीवर जाताच कशाला? नळाला एक दिवसाआड पाणी येते, त्यात गोधड्या कशा धुवायच्या? हौसेने कोणी जात नाही. म्हणून माझी विनंती आहे की, घाटाला पाण्यात लोखंडी जाळी बसवावी व धुण्यासाठी वर हौद बांधावा, असा अर्ज मंडळाने आजच सह्या करून ग्रामपंचायतीला द्यावा. पहिली सही मी करते.

नदी तिचीही आहे आणि आपलीही.