पंगतीतलं वेगळं पान



हल्ली सणासुदीला घरात माणसं जमायची म्हटलं की वाणसामान भरण्याआधी फोनाफोनी सुरू होते. कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणी माळ घातलेली, कोणी दूध-तूप सोडलेलं, कोणी दिवसातून दोनदाच आणि तेही 55 मिनिटांच्या आत जेवणारं. कोणी देवाला हात जोडायचं थांबवलेलं, तर जन्मात देवळाची पायरी न चढलेला एखादा चुलतभाऊ एकदम पारायणाला बसलेला. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आमच्या वेळी असं नव्हतं, पानात पडेल ते खायचो.’ मला ते पूर्ण खरं वाटत नाही. त्यांच्याही वेळी हे होतं, फक्त ते पंचांगात बांधलेलं होतं.

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. पुढे दोन दिवसांवर एकादशी, तिथून चातुर्मास, म्हणजे पाळणाऱ्यांचा कांदा-लसूण आणि वांगं बंद. म्हणून नवमीला कांद्याची भजी, कांद्याची थालिपीठं पोटभर खाऊन घ्यायची. श्रावणात मटण-मासे नाहीत, म्हणून आषाढी अमावास्येपर्यंत ते उरकायचे. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा दाखवला की वांगं पुन्हा ताटात. सोडायचा दिवस ठरलेला आणि परत धरायचाही ठरलेला. देवांचंही तसंच. कोकणात, रायगडात, मुंबईच्या जुन्या वस्त्यांत कित्येक घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण असतं, मासे असतात, चिंबोऱ्या असतात. शेजारी बसलेल्या गणपतीला मात्र गोड. काही घरांत तेवढ्यापुरता दोघांच्या मध्ये पडदा धरतात. एका मखरात दोन आहार सांभाळायची सवय या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आणि एकादशीची खिचडी बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज इकडे आल्यानंतरच्या काळात ते आपल्याकडे पोचलं. म्हणजे कधीतरी, कुठल्यातरी स्वयंपाकघरात, एका बाईनं हे परकं कंदमूळ उपासाच्या पानात पहिल्यांदा वाढलं असणार, आणि घरातल्या कडक सोवळ्याच्या माणसानं ते चालवून घेतलं असणार. ते दोघं कोण होते हे कुठेही लिहिलेलं नाही. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

आता बदल येतो तो एकट्यादुकट्या माणसात येतो. तिथी बघून येत नाही, आणि किती दिवसांसाठी आहे हेही सांगत नाही. त्यामुळे बाकीचे बिचकतात. ‘त्यानं सोडलं, मग आम्ही खातो ते काय पाप आहे का?’ असं कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण पंगतीत ते जाणवतं.

आमचं घर सातारा जिल्ह्यातलं, शेतकऱ्याचं. जत्रेला पहिल्या दिवशी पुरणपोळीचा गोडा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी बकरं, अशी रीत. माझे थोरले दीर, त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी चाळिशी उलटल्यावर पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घातली. मटण, मासे, अंडी सगळं बंद. दर एकादशी धरायची. घरानं ते तसं लवकर स्वीकारलं. त्यांचं ताट-तांब्या वेगळा झाला. मटण घरातल्या चुलीवर शिजायचं बंद झालं. परड्यात तीन दगड मांडून पुरुषमाणसं ते शिजवू लागली. आमच्या भागात ज्या घरात माळकरी आहे तिथं बहुतेक असंच करतात. आबांनीही कधी कोणाच्या ताटाकडे बघून तोंड वाकडं केलं नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ते पै-पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभे असत आणि नंतर आपली डाळ-भाकरी ओसरीवर बसून जेवत.

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. माझ्या थोरल्या जाऊबाईंना सुकट फार आवडायची. कोरड्या तव्यावर भाजलेली, कांद्यात परतलेली, वरून तिखट, आणि बाजरीची गरम भाकरी. आबांनी माळ घातली त्या दिवसापासून त्यांनी सुकटीचा डबा माळ्यावर टाकला. त्यांना कोणी सोड म्हटलं नव्हतं. पण तू सोडू नकोस, असंही कोणी म्हटलं नव्हतं. वर दर एकादशीला त्यांचं काम दुप्पट. सकाळी आबांची भगर आणि शेंगदाण्याची आमटी, मग रानात जाणाऱ्यांच्या भाकरी-कालवण, मग संध्याकाळचं फराळाचं. व्रत आबांचं होतं, राबत जाऊबाई होत्या.

हे आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, ओळखलं. एका दुपारी आबा रानात गेलेले असताना त्यांनी डबा खाली काढायला लावला, परड्यात तवा ठेवला, स्वतः सुकट परतली आणि जाऊबाईंना हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, “माळ त्याच्या गळ्यात हाय, तुझ्या न्हाई. बस आन्‌ खा.” जाऊबाई खाता खाता रडत होत्या. संध्याकाळी आत्याबाईंनी आबांनाही सांगितलं, “तुझी एकादस तू शिजव.” आबा वारीत दिंडीच्या स्वयंपाकाला हात लावत असत, त्यांना येत होतं सगळं. पुढच्या एकादशीपासून भगर ते स्वतः करू लागले. आजही करतात, आणि जाऊबाईंपेक्षा मोकळी होते ती.

मला आज जे सांगायचं आहे ते हेच आहे. घरानं माणसाच्या नव्या व्रताला, नव्या पथ्याला, नव्या श्रद्धेला जागा द्यावी, मोकळ्या मनानं द्यावी. पण ज्यानं नेम धरला त्यानं त्या नेमाचं काम आपल्या हातानं उचलावं. आपल्याकडे दोन्ही बाजूंचं कौतुक होतं. नेम धरणाऱ्याला धार्मिक म्हणतात, सांभाळून घेणाऱ्या घराला समंजस म्हणतात. ओट्यापाशी तीन प्रकारच्या भाज्या करत उभी असलेली बाई या दोन्ही कौतुकांत कुठेच नसते.

संतचरित्रांत एकनाथ महाराज आणि त्यांचा मुलगा हरिपंडित यांची एक कथा येते. भागवताच्या एकादश स्कंधावरची मराठी टीका 1573 मध्ये काशीत पूर्ण करणारे नाथ, आणि मुलगा संस्कृताचा विद्वान, आचाराचा कडक. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावं, कोणाच्याही घरी जेवावं, हे त्याला सोसेना. तो घर सोडून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले तेव्हा त्यानं दोन अटी घातल्या : प्राकृतात निरूपण करायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. पुढे पैठणात एक गरीब विधवा आली. हजार ब्राह्मणांना जेवू घालायचा तिचा संकल्प होता आणि ऐपत एकाला वाढण्याची. नाथ जेवले तर हजार जेवल्यासारखे, असं तिला कोणी सांगितलेलं. मुलाची परान्नाची अट आड आली. तेव्हा तोड निघाली ती अशी की हरिपंडितानं तिच्या घरी जाऊन स्वतः स्वयंपाक करावा. त्यानं तो केला. जेवण झाल्यावर तो वडिलांचं पान उचलायला गेला तर खाली दुसरं पान, ते उचललं तर तिसरं, अशी हजार पानं निघाली.

कीर्तनात बुवा त्या हजार पानांवर रंगतात. माझं मन त्याच्या अलीकडे थांबतं. ज्याचं सगळं आयुष्य मराठीत भागवत सांगण्यात गेलं, त्या बापानं मुलगा घरी यावा म्हणून ते बंद केलं. ही केवढी मोठी किंमत आहे! आणि अट घालणारा मुलगा शेवटी त्या बाईच्या चुलीपुढे बसला. अट त्याची होती, म्हणून धूरही त्यानंच डोळ्यांत घेतला.

माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. तिनं दूध, दही, तूप सगळं सोडलं. गुरांना होणारा त्रास तिला बघवत नाही. ती व्हीगन झाली हे आत्याबाईंना कळलं तेव्हा त्या दुखावल्या. त्यांनी जन्मभर म्हशी सांभाळलेल्या, नातीला खरवस भरवलेला. “आमच्या म्हशीनं काय वाकडं केलं हिचं?” असं त्या मला विचारत राहिल्या. मुलगी वाद घालू शकली असती, तिच्याकडे मुद्दे भरपूर होते. तिनं ते केलं नाही. सुट्टीत आली की ती आत्याबाईंना विचारायची, “आजी, दूध नसेल त्या दिवशी तुम्ही काय करायचात?” आणि आत्याबाईंची यादी संपेना. पिठलं-भाकरी, ठेचा, हुलग्याचं माडगं, कटाची आमटी, तेल लावून लाटलेली पुरणपोळी आणि तिच्यावर नुसत्या गुळाच्या पाण्याची गुळवणी. म्हशी आटलेल्या असताना, दुष्काळात, हे घर असंच जेवलं होतं. आता नात आली की गुळवणी दुधाशिवाय होते आणि ती ढवळायला नातच बसते. एक मात्र मी आई म्हणून सांगितलं, की बी-12 जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळ्या चालू ठेव. ते तिनं ऐकलं.

55 मिनिटांच्या जेवणाबद्दल मी फार बोलत नाही. ते डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलं. आमच्याकडे माझ्या धाकट्या दिरांनी धरलं आहे, आणि त्यांना त्याचा गुण आलाय. त्यांच्या वेळेला चहाचा कप पुढे करायचा नाही, एवढंच बाकीच्यांना करायचं असतं.

पण ताट बदलणं आणि देव बदलणं ह्या सारख्या गोष्टी नाहीत. माझी बहीण पिंपरीला असते. तिच्या मुलानं लग्न केलं ती मुलगी बौद्ध घरातली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी तिच्या आजोबांनी घेतलेला तो शब्द होता. घरात आलेल्या सुनेनं तो सणापुरता बाजूला ठेवावा, अशी अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

पहिल्या गौरींना बहिणीच्या घरी बायका हळदीकुंकवाला आल्या. सून आरास करत होती. तिचा हात फार चांगला आहे, झेंडूच्या माळा तिनंच केलेल्या. आरती सुरू झाली तेव्हा ती आत जाऊन पुरणाच्या ताटांची मांडामांड करू लागली. एकीनं हाक मारली, “अगं ये की, ताट धर आरतीचं.” बहिणीनं पुढे होऊन ताट स्वतः घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “ती हात जोडत नाही. तिला बोलावू नका.” आवाज चढवला नाही, सुनेची बाजू घ्यावी लागते असा आवही आणला नाही. आरती पुढे सुरू राहिली. दरवर्षी त्या बायका येतात, दरवर्षी सून आरास करते, आणि आता कोणी विचारत नाही. 14 एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, बहीण आणि मेहुणे सुनेच्या माहेरी जातात. तिथे वंदना चालते तेव्हा बहीण शांत उभी राहते. तिलाही तिथे कोणी म्हण म्हणत नाही.

एका ठिकाणी मात्र मी अडून बसते. आपला नेम लेकरांवर लादायचा नाही. आबांच्या नातवाला डॉक्टरांनी अंडं द्यायला सांगितलं तेव्हा आबा थोडे अस्वस्थ झाले. घरात अंडं उकडायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. आम्ही ते परड्यात उकडतो. पोरगं तिथंच बसून खातं. आबा तेवढा वेळ ओसरीवर हरिपाठ म्हणतात, आणि खाऊन झालं की पोरगं त्यांच्याच मांडीवर जाऊन बसतं.

बहिणीच्या नातीचा प्रश्न याहून अवघड आहे. ती आता बोलायला लागली आहे. गौरींपुढे तिला हात जोडायला शिकवायचं की नाही, यावर तिच्या आई-बापांचं अजून एकमत झालेलं नाही. रात्री उशिरापर्यंत बोलणी चालतात, कधी तोंडं फुगतात. बहिणीला दोघंही विचारतात, आणि ती सांगते की हे तुम्हीच ठरवा. बुद्धपौर्णिमेला आईच्या माहेरची खीर आणि गौरीला बापाच्या घरचं पुरण, एवढं ती पोरगी दोन्हीकडे वाटी पुढे करून मागून घेते. बाकीचं ठरायचं आहे.