रेषेतलं गलबत

बुलढाण्याला समुद्र नाही. पण हे शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलंय, त्याच रांगेत एक गलबत आहे. अजिंठ्याचं दुसऱ्या क्रमांकाचं लेणं, साधारण पाचवं शतक. सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा तिथं रंगवली आहे. पूर्णाचा भाऊ चंदन घेऊन परतताना वादळात सापडतो, तो हा प्रसंग.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. पुढे या गलबताची नुसत्या काळ्या रेषांतली आकृती पुस्तकांतून छापली गेली. राधाकुमुद मुखर्जींच्या १९१२ मधल्या भारतीय नौकानयनावरच्या ग्रंथातही ती आहे.

ही आकृती सावकाश पाहावी. रंग गेला की खलाशाचं काम उघडं पडतं. तीन डोलकाठ्या, तीन उभट शिडं. नाळेकडचं पुढचं शीड मात्र वाऱ्यानं टरारून फुगलेलं. त्या एका बाकदार रेषेत वाऱ्याची दिशा कळते. मागे सुकाणूची वल्ही, नाळेवर रंगवलेला डोळा, ओळीनं ठेवलेले रांजण. लांबच्या सफरीला पाणी किती जपावं लागे! मला तर हे रांजणच सगळ्यात बोलके वाटतात. ज्यानं हे काढलं, त्यानं गलबत नीट न्याहाळलं असणार, असं माझं ठाम मत आहे.

अजिंठा सोमवारी बंद असतो, तेवढं पाहून निघा.