खेळ तपासणारी माणसं

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दिवसभर व्हिडिओ गेम खेळायचे आणि महिनाअखेर पगार घ्यायचा, अशी नोकरी असते म्हटलं की घरातला बारावीचा मुलगा कान टवकारतो आणि त्याचे वडील कपाळाला हात लावतात. मी स्वतः गेम खेळणाऱ्यांतला नाही. बी.ए. झालो, कविता लिहीत राहिलो आणि पोटासाठी बरीच वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. पण माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यात गेम टेस्टर आहे. मोहल्ल्यात कुणी विचारलं तर बहीण ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते. शेवटी मीच त्याला एकदा सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, “मामू, आम्ही गेम खेळत नाही. तो कुठं मोडतो ते बघतो.”

बाजारात येण्याआधी गेम कितीतरी महिने अर्धवट अवस्थेत असतो. त्याच्या सतत नव्या आवृत्त्या निघतात, त्यांना ‘बिल्ड’ म्हणतात. टेस्टरच्या वाट्याला बहुधा त्यातला एखादा तुकडाच येतो. समजा, एक किल्ला आला. मग किल्ल्याच्या प्रत्येक भिंतीवर, पायरीवर, पिंपावर गेममधलं पात्र नेऊन धडकवायचं. कुठं ते भिंतीतून आरपार जातं, कुठं दगडात अडकतं, कुठं जमिनीखाली कोसळतं, हे पाहायचं. लढाई जिंकण्याशी त्याला कर्तव्य नाही. पुढचं बिल्ड आलं की पुन्हा तोच किल्ला, त्याच भिंती. कधी गेम रात्रभर चालू ठेवायचा आणि सकाळी तो चालू आहे की बंद पडला हे बघायचं. शिवाय सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो यांच्या यंत्रांवर गेम चालवायचा तर त्यांचे नियम पाळावे लागतात. खेळताना हातातल्या कंट्रोलरचा संपर्क तुटला तर पडद्यावर तशी सूचना आली पाहिजे, असे ते नियम. त्यांची भली मोठी यादी एकेक करून तपासायची.

चूक सापडली, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘बग’ सापडला, की ती लिहून काढायची. मला वाटतं, खरं कौशल्य इथं लागतं. ‘घोडा नाहीसा होतो’ एवढं लिहून भागत नाही. कोणतं बिल्ड, कोणतं यंत्र. आधी पुलावर घोड्यावरून उतरलो, मग नकाशा उघडला, मग बंद केला. घोडा जागेवर असायला हवा होता, तो नव्हता. दहा वेळा करून पाहिलं, सात वेळा असंच घडलं. सोबत व्हिडिओ जोडायचा. ज्यानं हे दुरुस्त करायचं तो प्रोग्रामर कदाचित दुसऱ्या देशात बसलेला. त्याच्यापर्यंत पोचतात ते हे शब्द आणि तो व्हिडिओ. त्याला चूक पुन्हा घडवता आली नाही, तर नोंद शेरा मारून परत येते. कधी उत्तर येतं, ‘ही चूक नव्हे, असंच ठेवायचं आहे.’ दुरुस्ती झाली तरी सुटका नाही. ती खरंच झाली का आणि ती करताना दुसरं काही बिघडलं का, हे पुन्हा तपासायचं.

हे ऐकताना मला आमचा छापखाना आठवला. मुद्रितशोधक मजकुरात रमला की काना-मात्रा निसटते. टेस्टरचंही तसंच आहे. गोष्टीत गुंगला की चूक डोळ्यांसमोरून निघून जाते. आवडीचा गेम वर्षभर तपासल्यावर तो पुन्हा बघवत नाही, असं भाचा म्हणतो. आणखी एक साम्य आहे. शंभर चुका पकडल्या तर कुणाला कळत नाही, एक सुटली तर साऱ्या गावाला दिसते.

पण सुटलेली प्रत्येक चूक टेस्टरच्या नजरेतून सुटलेली नसते. ‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडमध्ये तयार झालेला गेम डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आला. त्यात इतक्या चुका निघाल्या की आठवड्याभरातच सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या एका संस्थापकानं जाहीर माफी मागितली. तपासणीत यातल्या बऱ्याच अडचणी दिसल्या नव्हत्या, असंही तो म्हणाला. पण ‘ब्लूमबर्ग’च्या वार्ताहराशी बोललेल्या कर्मचाऱ्यांनी वेगळंच सांगितलं. त्यांच्या म्हणण्यानुसार अडचणी सापडल्या होत्या, दुरुस्तीला वेळ नव्हता. चूक दाखवणं टेस्टरच्या हाती असतं. तारीख पुढं ढकलणं नसतं. बोल मात्र त्यालाही लागतो.

ही तारीखही आपल्या सणांच्या आड येते. नाताळच्या बाजारासाठी पाश्चात्त्य देशांतले अनेक मोठे गेम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतात. म्हणजे कामाची खरी घाई गणपती ते दिवाळी या काळात. ईद तर चंद्राप्रमाणे फिरते, ती एखाद्या वर्षी सापडते. भाच्याची पहिली नोकरी सहा महिन्यांच्या करारावर होती. गेम बाजारात आला आणि करार संपला. गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. आपण कोणत्या गेमवर काम करतोय हे गुप्ततेच्या करारामुळं त्याला आईलाही सांगता आलं नव्हतं. मग सांगता येऊ लागलं, तेव्हा दाखवायला काही उरलं नाही.

अमेरिकेतल्या टेस्टरांनी यावर आवाज उठवला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’वर काम करणाऱ्या रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये काही कंत्राटी टेस्टरांना काढायचं ठरलं, तेव्हा त्यांचे सहकारी संपावर गेले. मे २०२२ मध्ये त्यांनी १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन स्थापन केली. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या झेनिमॅक्समधले सुमारे ३०० टेस्टर संघटित झाले आणि २०२५ मध्ये त्यांचा कंपनीशी करार झाला. त्यात पगारवाढ आहे आणि टेस्टरांची नावं गेममध्ये देण्याबाबतचा नियमही आहे. नावासाठी भांडणं हा मोठेपणाचा हव्यास नव्हे. पुढची नोकरी मागताना तोच पुरावा असतो.

पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. बंगळुरू, हैदराबादेतही हे काम चालतं. बऱ्याच ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. तेव्हा आपल्या घरातला कुणी या वाटेनं निघाला तर त्याला हसू नका आणि हुरळूनही जाऊ नका. नेमणुकीचं पत्र नीट वाचायला सांगा. करार किती महिन्यांचा, जादा कामाचे पैसे मिळणार का, नाव यादीत येणार का, हे सही करण्याआधी विचारायला सांगा. आणि चार वाक्यं नेमकी, स्वच्छ लिहिण्याचा सराव करायला सांगा. गेम खेळणारी मुलं पुष्कळ मिळतील. बिघाड नेमका कुठं, कसा झाला हे सांगू शकणारी थोडी असतात. त्यांच्या कामाला खेळ समजून त्यांचा मोबदला ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.