'अंमल' शब्दाचा गोतावळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मल्लेश्वरम येथे केलेले भाषण)



आम्ही भाषाशास्त्रज्ञ नव्हे. बी.ए.ची पदवी आणि केंद्र सरकारची तीस वर्षांची चाकरी एवढीच आमची पुंजी. परंतु ज्या शब्दांवर आमचे पोट चालले, त्यांचे कूळमूळ शोधण्याचा नाद आम्हांस आहे. त्यांतील एका घराण्याची ओळख आज करून द्यावयाची आहे.

अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून निघतात. ऐन, मीम, लाम हा असाच एक धातू. अर्थ, काम करणे. त्यापासून 'अमल' म्हणजे कृती, 'आमिल' म्हणजे काम करणारा, 'मामूल' म्हणजे नित्य केले जाणारे, वहिवाटीचे, आणि 'मुआमला' म्हणजे परस्परांतील व्यवहार. फार्सीच्या द्वारे ही मंडळी दक्षिणेत आली आणि मराठीत अंमल, अंमलबजावणी, मामला, मामलेदार, मामुली अशी स्थायिक झाली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचून अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले; तरी पेशवाईतला मामलेदार मामलेदारच राहिला.

आपण राहतो त्या बंगळुरातही हे घराणे जुनेच. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे शहर जिंकले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. येथील काडु मल्लेश्वर देवस्थानाशी निगडित १६६९ चा शिलालेख एकोजीराजांच्या दानाची साक्ष देतो. जुन्या म्हैसूर संस्थानात तालुक्याच्या अधिकाऱ्यास 'अमलदार' म्हणत. म्हणजे आपला मामलेदार आणि येथला अमलदार हे भाऊबंदच!

पण भाऊबंदांत स्वभावभेद असतो. आम्ही नवे बदलून आलो होतो. एका कामाची मोजणी संपल्यावर ठेकेदाराच्या कारकुनाने अदबीने विचारले, "सर, मामूल?" कागदपत्र नेहमीप्रमाणेच करावयाचे ना, असे तो विचारतो आहे, या समजुतीने आम्ही म्हणालो, "हो, मामूल."

दुसऱ्या दिवशी टेबलावर पाकीट! कन्नडात 'मामूल' म्हणजे नेहमीचे, हे खरेच. परंतु नेहमीची चिरीमिरी असाही त्याचा अर्थ आहे. पाकीट तत्काळ परत केले, वरिष्ठांस लेखी कळविले. तरी हाताखालच्या मंडळींनी आमचा होकार स्वतःच्या कानांनी ऐकला होता. त्यांच्या नजरेतील शंका फिटावयास वर्ष लागले. घरी हकीकत सांगितली तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही मराठीत बोललात, त्याने कन्नडात ऐकले."

'अंमल' शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे नशा. कन्नडातही 'अमलु' म्हणजे कैफच. आधी काम, कामातून सत्ता, सत्तेचा कैफ आणि शेवटी वहिवाटीने मागावयाचा 'मामूल'. ही संगती आम्ही आमच्या मनाने लावली आहे, कोशकारांनी नव्हे. पण नोकरीत ती वेळोवेळी आठवली आहे.

म्हणून मुलांना एवढेच सांगावे असे वाटते. कन्नड आवर्जून शिका. ओळखीचा शब्द शेजारच्या घरी कोणत्या अर्थाने नांदतो, याची चौकशी करा. आणि पुढे कधी हाती अंमल आला, तर त्या धातूचा पहिला अर्थ 'काम' हा आहे, याचे विस्मरण होऊ देऊ नका.