गोलरक्षक शंकर लक्ष्मण

मैदानावर गोलरक्षकाइतका एकाकी खेळाडू दुसरा नसतो. इतरांच्या चुका विसरल्या जातात. त्याची चूक फलकावर लिहिली जाते. बेळगाव-निपाणी भागातील अनेक घरांतून तरुण ज्या पलटणीत भरती होत आले, त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शंकर लक्ष्मण आयुष्यभर याच कसोटीला उतरले. त्या पलटणीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे.

महूजवळच्या कोदरिया गावी ते प्रथम फुटबॉल खेळत. १९४७ साली बँडवादक म्हणून ते सैन्यात शिरले आणि पुढे हॉकीच्या गोलासमोर उभे राहिले. पायांना पॅड असत. डोक्याला मात्र संरक्षण नसे.

मेलबर्न १९५६, रोम १९६०, टोकियो १९६४ : तीन ऑलिंपिक अंतिम सामने, प्रत्येक वेळी समोर पाकिस्तान आणि प्रत्येक वेळी निकाल एकाच गोलाचा. तिन्ही सामन्यांत मिळून त्यांना चुकवून चेंडू एकदाच आत गेला, तो रोमला. आणि १९२८ पासूनची सुवर्णपदकांची परंपरा तुटली. टोकियोला ते सुवर्ण परत मिळाले. त्या संघात बेळगावचे बंडू पाटीलही होते. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत लक्ष्मण यांच्या नेतृत्वाखाली भारत विजयी झाला. १९६७ साली त्यांना पद्मश्री लाभली.

१९७९ साली ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. पुढे पायाला गँगरीन झाले आणि २००६ साली महू येथे हलाखीत त्यांचे निधन झाले. देशाचा गोल त्यांनी राखला. त्यांना राखण्याचे काम देशाचे होते.